बाबांच्या गोळीवरून प्रश्न: एटीपी पेशीच्या बाहेर काय करतं?

वर्षा_कोपरी

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात कोपरीला राहते आणि अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. प्रश्न अर्धा घरचा आहे, अर्धा वर्गातला.

बाबांना उन्हाळ्यात हार्ट अटॅक आला, एक स्टेंट बसला. सुरुवातीला अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला टिकाग्रेलॉर ९० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. ती गोळी सुरू झाल्यापासून त्यांना अधूनमधून दम लागल्यासारखं व्हायचं. गंमत म्हणजे चालताना नाही. तलावपाळीला बाकावर पेपर वाचत बसले असताना एकदम खोल श्वास घ्यावासा वाटायचा. इको, एक्स-रे, ऑक्सिजन, सगळं ठीक. डॉक्टरांनी टिकाग्रेलॉर काढून क्लोपिडोग्रेल ७५ दिलं आणि पित्तासाठीची ओमेप्राझोल बदलून पँटोप्राझोल केली. थोड्या दिवसांत दम गेला.

मी दोन्ही गोळ्यांची माहितीपत्रकं वाचली. दोन्हींत एकच नाव आहे, पी२वाय१२ रिसेप्टर, आणि पुढे म्हटलंय की हा एडीपीचा रिसेप्टर, म्हणजे एडीपी ओळखणारं पेशीपटलावरचं प्रथिन. (एटीपीचा एक फॉस्फेट सुटला की उरतं ते एडीपी.) इथे मी थबकले. एटीपी आणि एडीपी मी शिकवते ते श्वसनाच्या धड्यात. पुस्तकात त्याला पेशीचं ऊर्जा-चलन म्हटलेलं आहे. हे सगळं पेशीच्या आत घडतं. मग प्लेटलेटच्या बाहेरच्या अंगाला एडीपी ओळखणारा रिसेप्टर कशासाठी? इतक्या कष्टाने बनवलेलं रसायन पेशी बाहेर का टाकेल? आणि टिकाग्रेलॉरने दम का लागावा? उत्तर वरवरचं नको, मला पुढे वर्गात सांगायचं आहे.


औषधवाला_नौपाडा

ताई, शास्त्रीय उत्तर इथली जाणती मंडळी देतीलच. मी काउंटरवर रोज बघतो तेवढं सांगतो. स्टेंटवाले पेशंट दोन कारणांनी गोळी सोडतात. एक, दम किंवा अंगावर काळे-निळे डाग दिसले म्हणून. दोन, 'आता बरं वाटतंय' म्हणून. दोन्ही धोक्याचं आहे. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर जीवावर बेततं. त्रास असेल तर तुमच्या डॉक्टरांनी केलं तसं औषध बदलतात, आपल्या मनाने बंद करायचं नसतं.

पित्ताच्या गोळीचं त्यांनी अगदी योग्य केलं. आमच्याकडे क्लोपिडोग्रेलच्या चिठ्ठीवर ओमेप्राझोल किंवा एसोमेप्राझोल दिसलं की मी डॉक्टरांना फोन लावतो.


ऑर्गनबाथ

वर्षाताई, तुमच्या प्रश्नाला मी सविस्तर उत्तर देणार आहे, कारण हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. मी नेरुळला राहतो, आता निवृत्त आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका औषध कंपनीत फार्माकॉलॉजी विभागात होतो.

आधी तुमची मूळ शंका. पेशीच्या आत एटीपी मिलिमोलरमध्ये असतं, साधारण ३ ते १०. पेशी शांत असताना बाहेरच्या द्रवात ते जेमतेम नॅनोमोलरमध्ये सापडतं. म्हणजे आत आणि बाहेर दहा लाख पटींच्या घरातला फरक. शिवाय पेशींच्या बाहेरच्या पृष्ठभागावर एटीपी तोडणारी एन्झाइम्स सतत कामात असतात, त्यामुळे बाहेर आलेलं एटीपी टिकत नाही. आता विचार करा, माठाला तडा गेला हे आपल्याला कशावरून कळतं? खालची कोरडी फरशी ओली झाली यावरून. फरशी कोरडी आहे म्हणून ओल ही बातमी ठरते. एटीपी बाहेर जवळपास नसतंच, म्हणून ते दिसलं की शेजारच्या पेशींना कळतं की इथे काहीतरी घडलं. पेशी फाटली, ताणली गेली, किंवा एखाद्या चेतातंतूने ते मुद्दाम सोडलं.

उधळपट्टीची शंकाही बरोबर आहे, पण हिशेब करून बघा. पेशीतल्या साठ्याचा एक टक्काही बाहेर जावा लागत नाही. पेशीला लागून असलेली द्रवाची जागा इतकी चिंचोळी असते की तेवढ्यानेही तिथली पातळी मायक्रोमोलरपर्यंत चढते, आणि बहुतेक रिसेप्टरांना तेवढं पुरतं.

हे सगळं मान्य व्हायला किती वर्षं लागली ते वर्गात जरूर सांगा. १९२९ साली कार्ल लोमान यांनी जर्मनीत आणि सायरस फिस्के व येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी हार्वर्डमध्ये एटीपी शोधलं. सुब्बाराव आपले आंध्रचे. मुलांना हे नाव माहीत नसतं आणि माहीत असायला हवं. त्याच १९२९ साली केंब्रिजमध्ये ड्रुरी आणि सेंट-ग्यॉर्गी यांनी हृदयाच्या स्नायूच्या अर्कातून अ‍ॅडेनिलिक आम्ल वेगळं केलं. ते प्राण्याच्या शिरेत टोचलं की हृदयाची गती मंदावते आणि रक्तवाहिन्या रुंदावतात, हे त्यांनी दाखवून दिलं. म्हणजे एटीपीचा शोध आणि त्याच कुळातली रसायनं पेशीच्या बाहेरून हुकूम देतात याची पहिली खूण, दोन्ही एकाच वर्षी हाती आलं. पहिलं पाठ्यपुस्तकात गेलं आणि दुसरं कितीतरी वर्षं बाजूला पडलं.

१९५९ साली पामेला होल्टन यांनी सशाच्या कानाच्या संवेदी चेतातंतूंना विजेने उत्तेजित करून तिथे एटीपी बाहेर पडतं हे मोजून दाखवलं. आणि मग आले जेफ्री बर्नस्टॉक. त्यांचं काम मला समजलं ते वाचून नाही, हाताने करून. म्हणून जरा इथे थांबतो.

गिनीपिगच्या आंतड्यावर टीनिया कोलाय म्हणून स्नायूची एक लांबट पट्टी असते. ती काचेच्या ऑर्गन बाथमध्ये, म्हणजे स्नायू जिवंत ठेवायच्या भांड्यात, टायरोड या क्षारांच्या द्रावणात, ३७ अंशांवर टांगायची, खालून ऑक्सिजन-कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडायचे. आम्ही शिकलो तेव्हा नोंद काजळी धरलेल्या ड्रमवर व्हायची, लिव्हरचं टोक काळ्या कागदावर पांढरी रेघ ओढायचं आणि मग तो कागद वॉर्निशमध्ये बुडवून वाळवायचा. आता द्रावणात अ‍ॅट्रोपिन घाला, म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिनचा मार्ग बंद. ग्वानेथिडिन घाला, म्हणजे नॉरअ‍ॅड्रेनलिनचाही बंद. त्या काळच्या पुस्तकाप्रमाणे निरोपे हे दोनच, म्हणून या चेतातंतूंकडे आता सांगायला काही उरायला नको. तरीही विजेचे ठोके दिले की पट्टी सैल पडते आणि रेघ झपकन खाली येते. दोन्ही दारं लावूनही निरोप पोचतो, म्हणजे तिसरा निरोप्या आहेच. मग बाथमध्ये एटीपीचे थेंब टाका. पट्टी तशीच सैल पडते, धुतलं की पूर्ववत होते.

इथे एक खबरदारी आहे आणि ती मी प्रत्येक विद्यार्थ्याला आधी सांगायचो. बाटलीतलं एटीपी डायसोडियम पाण्यात विरघळवलं की द्रावण चांगलंच आम्लधर्मी होतं. ते उदासीन करून न घेता बाथमध्ये टाकलं तर जे दिसतं ते आम्लाचं काम असू शकतं. रिसेप्टरविषयी एक वाक्य लिहिण्याआधी पीएच मोजलाच पाहिजे.

बर्नस्टॉक आणि सहकाऱ्यांनी १९७० साली मांडलं की हा तिसरा निरोप्या एटीपी आहे, आणि १९७२ साली अशा चेतातंतूंना 'प्युरिनर्जिक' हे नाव दिलं. विरोध प्रचंड झाला. लोकांचा मुद्दा नेमका तुमचाच होता, ताई: ऊर्जेसाठी असलेलं, प्रत्येक पेशीत असलेलं रसायन संदेशवाहक कसं असेल? १९७६ साली त्यांनी पुढचं पाऊल टाकलं. एकाच चेतातंतूतून एटीपी आणि नॉरअ‍ॅड्रेनलिनसारखे दोन निरोपे बरोबरच सुटू शकतात, असं ते म्हणाले. १९७८ साली रिसेप्टरांचे दोन गट केले: अ‍ॅडेनोसिनचे (एटीपीचे सगळे फॉस्फेट गेले की उरतं ते) पी१, आणि एटीपी-एडीपीचे पी२. १९८५ साली चार्ल्स केनेडी यांच्याबरोबर पी२चे आणखी दोन भाग पाडले, पी२एक्स आणि पी२वाय. हे सगळं ऑर्गन बाथवरच्या निरीक्षणांवर, एकही रिसेप्टर रेणू म्हणून हाती नसताना. १९९३ साली पी२वायचे आणि १९९४ साली पी२एक्सचे पहिले जनुक सापडले तेव्हा कळलं की दोन गट खरोखरच दोन वेगळ्या जातींची प्रथिनं आहेत. बर्नस्टॉक २०२० साली गेले. आपलं म्हणणं खरं ठरताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, याचा मला मनापासून आनंद आहे.

पी२एक्स म्हणजे पेशीपटलातली वाहिनीच. तीन प्रथिनं एकत्र येऊन ती बनते, तिघांच्या सांध्यांत एटीपी बसायच्या तीन जागा. एटीपी बसलं की काही मिलिसेकंदांत मधलं भोक उघडतं आणि सोडियम-कॅल्शियम आत येतात. २००९ साली झेब्राफिशच्या पी२एक्स४ची स्फटिकरचना मिळाली तेव्हा हे त्रिकूट प्रत्यक्ष दिसलं. असे सात प्रकार. पी२वाय हे पेशीपटलातून सात वेळा आरपार गेलेलं एकच प्रथिन, जी-प्रोटीन या मध्यस्थामार्फत आतली यंत्रणा हलवतं, त्यामुळे थोडं सावकाश. माणसात त्यांचे आठ प्रकार: १, २, ४, ६, ११, १२, १३ आणि १४. मधले आकडे गाळलेले का, असं विद्यार्थी विचारतातच. घाईने क्रमांक दिले गेले, आणि पुढे त्यांतले काही न्यूक्लिओटाइडचे (एटीपी, एडीपी, यूटीपी, यूडीपी या जातीच्या रसायनांचे) रिसेप्टर नाहीतच असं निघालं. पी२वाय५ लायसोफॉस्फॅटिडिक आम्लाचा निघाला, पी२वाय७ ल्युकोट्रायीनचा. आणि सगळे पी२वाय एटीपीवर चालत नाहीत. पी२वाय२ला एटीपी आणि यूटीपी दोन्ही सारखेच चालतात, पी२वाय६ला यूडीपी लागतं, पी२वाय१४ला यूडीपी-ग्लुकोज, आणि पी२वाय१२ला एडीपी.

आता बाबांची प्लेटलेट. तिच्या पोटात घट्ट कणिका असतात, त्यांत एडीपी साठवलेलं असतं. रक्तवाहिनीला इजा झाली की तिथे चिकटलेली पहिली प्लेटलेट ते एडीपी बाहेर सोडते. शेजारच्या प्लेटलेटवर दोन रिसेप्टर ते ओळखतात. पी२वाय१ आत कॅल्शियम वाढवतो, त्याने चपटी प्लेटलेट आकार बदलते आणि चिकटायला सुरुवात होते. पण ही पकड सुटू शकते. पी२वाय१२ प्लेटलेटला शांत ठेवणारं सायक्लिक एएमपी खाली आणतो आणि पकड पक्की करतो. नव्याने चेतलेली प्लेटलेट पुन्हा एडीपी सोडते, आणि गुठळी वाढत जाते. बोट कापलं तर हे हवंच. स्टेंटच्या जाळीवर हेच झालं तर हृदयाची वाहिनी बंद.

एडीपीने प्लेटलेट गोळा होतात हे १९६१ साली नॉर्वेतल्या गटाने ओळखलं. पुढच्याच वर्षी गुस्ताव बॉर्न यांनी नळीतल्या प्लाझ्मातून प्रकाश सोडून हे गोळा होणं मोजायची सोपी रीत दिली. हे गुस्ताव म्हणजे भौतिकशास्त्रज्ञ माक्स बॉर्न यांचे चिरंजीव. ते माक्स बॉर्न काही काळ बंगळुरूला रामन यांच्याकडे होते. गुस्ताव यांची रीत आजही प्रयोगशाळांमध्ये वापरतात.

आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. क्लोपिडोग्रेलला अमेरिकेत मान्यता मिळाली १९९७ साली. त्याचा रिसेप्टर, पी२वाय१२, हाती आला २००१ साली. चार वर्षं लोक ही गोळी घेत होते, त्यांचे जीव वाचत होते, आणि ती कुठे बसते त्या रेणूचा पत्ता कुणाला नव्हता. ऑर्गन बाथ आणि बॉर्न यांच्या नळीसारखी साधी मोजमापं नीट केली तर रिसेप्टर दिसण्याआधीच त्याच्यावरचं औषध तयार होऊ शकतं. आजच्या मुलांना रेणूचं चित्र आधी दाखवतात आणि स्नायू कधीच दाखवत नाहीत. हे चुकीचं आहे असं माझं ठाम मत आहे.


वर्षा_कोपरी

सर, खूप आभार. माठाचं उदाहरण उद्याच वर्गात सांगते. दोन गोष्टी राहिल्या. दमाचं कारण, आणि ओमेप्राझोल का बदललं. दोन्ही गोळ्या एकाच रिसेप्टरवर बसतात तर एकीने दम आणि दुसरीने नाही, हे कसं?


ऑर्गनबाथ

रिसेप्टर एकच, पण बसायची रीत निराळी आणि रेणूही निराळे.

क्लोपिडोग्रेल पोटात जातं तेव्हा निष्क्रिय असतं. त्यातला मोठा भाग, सुमारे ८५ टक्के, शरीरातली एस्टरेज एन्झाइम्स वायाच घालवतात. उरलेल्याला यकृतातली सायटोक्रोम एन्झाइम्स दोन टप्प्यांत सक्रिय करतात, आणि त्यांत सीवायपी२सी१९ या एन्झाइमची भूमिका मोठी. तयार झालेला रेणू पी२वाय१२मधल्या सिस्टीन या अमिनो आम्लाला गंधकाच्या बंधाने कायमचा जखडतो. ती प्लेटलेट मरेपर्यंत तो रिसेप्टर गेला. प्लेटलेटला केंद्रक नसतं, नवा रिसेप्टर ती बनवू शकत नाही. म्हणून ७५ मिलिग्रॅमची एक गोळी दिवसातून एकदा पुरते, औषध रक्तातून काही तासांत निघून गेलं तरी.

ओमेप्राझोल त्याच सीवायपी२सी१९ला अडवतं, म्हणजे गोळी सक्रिय होण्याच्या वाटेतच खोडा. पँटोप्राझोल फार कमी अडवतं. काही लोकांत तर या एन्झाइमचं जनुकच दुबळं असतं, आणि आपल्या दक्षिण आशियाई लोकांत ते प्रमाण दुर्लक्ष करण्याजोगं नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० साली क्लोपिडोग्रेलच्या पत्रकावर याबद्दल चौकटीतला इशारा छापायला लावला. बाबांच्या बाबतीत जनुक तपासायचं की नाही हे त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारा, तो निर्णय त्यांचा.

टिकाग्रेलॉरला यकृताची वाट बघावी लागत नाही, ते तसंच सक्रिय. एडीपी बसतं त्या जागेच्या शेजारी ते बसतं आणि सुटतंही. म्हणून दिवसातून दोनदा. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्लेटो चाचणीत १८,६२४ रुग्ण होते. त्यात टिकाग्रेलॉर क्लोपिडोग्रेलपेक्षा सरस ठरलं, पण दमाची तक्रार १३.८ टक्के लोकांनी केली, क्लोपिडोग्रेलवाल्यांत ७.८ टक्के. म्हणजे बाबांना जे झालं ते ओळखीचं आहे, आणि फुप्फुस-हृदय ठीक असताना होतं हेही ओळखीचं आहे. कारणाबद्दल दोन मतं आहेत. एक असं की टिकाग्रेलॉर पेशींना अ‍ॅडेनोसिन आत ओढू देत नाही, म्हणून बाहेर अ‍ॅडेनोसिन वाढतं. ज्याने कुणी अ‍ॅडेनोसिनचं इंजेक्शन घेतलंय त्याला छातीत दाटून येणं ठाऊक असेल. दुसरं मत असं की चेतासंस्थेतल्या पेशींवरही पी२वाय१२ असतो, आणि तिथे सुटण्याजोगा अटकाव झाला की श्वासाची जाणीव बदलते. मला पहिलं जास्त पटतं, पण निकाल लागलेला नाही.


खारघर_सेक्टर२१

सरांच्या उत्तरात एक धागा जोडते. मी खारघरला राहते, कर्करोगाच्या पेशींवर पीएचडी करते आहे. बाहेर आलेलं एटीपी नुसतं नष्ट होत नाही, त्याचं पुढे दुसरं काहीतरी होतं. पेशीच्या पृष्ठभागावर सीडी३९ नावाचं एन्झाइम एटीपी आणि एडीपीचं एएमपी (एकच फॉस्फेट उरलेलं रूप) करतं, मग सीडी७३ त्या एएमपीचं अ‍ॅडेनोसिन करतं. दोघांचे निरोप बऱ्याचदा उलटे असतात. एटीपी खूप साठलं की मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींवरचा पी२एक्स७ उघडतो आणि इंटरल्युकिन-१ बीटा बाहेर पडतं, म्हणजे दाह पेटतो. अ‍ॅडेनोसिन झालं की ते टी-पेशींवरच्या (याही रोगप्रतिकारक पेशी) ए२ए रिसेप्टरला बसून त्यांना शांत करतं. बऱ्याच गाठींमध्ये सीडी३९ आणि सीडी७३ भरपूर असतात, त्यामुळे गाठीभोवती अ‍ॅडेनोसिन साचतं आणि टी-पेशी थंड पडतात.

सर, तुमच्या पीएचच्या खबरदारीसारखी आमचीही एक आहे. आम्ही बाहेरचं एटीपी काजव्याच्या ल्युसिफरेज या एन्झाइमने, उजेड मोजून मोजतो. पण नुसतं माध्यम बदलताना पिपेट जोरात सोडली तरी पेशी ताणल्या जातात आणि एटीपी सोडतात. त्यामुळे प्लेट तशीच काही वेळ स्थिर ठेवल्याशिवाय आलेला आकडा आम्ही वहीत धरत नाही.

आणि वर्षाताई, मुलांना चहाचं सांगा. चहा-कॉफीतलं कॅफिन मेंदूतल्या याच अ‍ॅडेनोसिनच्या ए१ आणि ए२ए रिसेप्टरांना अडवून झोप पळवतं.


तुर्भे_मसाला

मंडळी, मी एपीएमसीच्या मसाला बाजारात गाळ्यावर असतो. धागा वाचला म्हणून विचारतो. मला पाच-सहा महिन्यांपासून कोरडा खोकला आहे. मिरचीची पोती उघडली की वाढतो, पण रविवारी घरी असलो तरी असतोच. बोललो तरी खोकला, हसलो तरी खोकला. मेव्हण्याने सांगितलं की खोकल्यावर या एटीपीवालं नवं औषध निघालंय. ते खरं आहे का?


ऑर्गनबाथ

दादा, औषध खरं आहे, पण ते तुमच्या यादीत सगळ्यात शेवटी येतं. आधीच्या गोष्टी आधी करा.

इतका जुना खोकला म्हणजे छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी झालीच पाहिजे. आपल्याकडे दोन आठवड्यांवर खोकला गेला की क्षयासाठी तपासायचं असतं, आणि सरकारी केंद्रात ती तपासणी मोफत होते. मग दमा, मग छातीत वर येणारं आम्ल, मग नाकामागून घशात उतरणारा स्राव. ब्लडप्रेशरसाठी रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल घेत असाल तर डॉक्टरांना जरूर सांगा, त्या गोळ्यांनी असाच कोरडा खोकला येतो. वर्षाताई, हे तुम्हीही ध्यानात ठेवा, हार्ट अटॅकनंतर रॅमिप्रिल बऱ्याच जणांना देतात.

आता तुमचा प्रश्न. श्वासनलिकेत येणाऱ्या संवेदी चेतातंतूंवर पी२एक्स३ नावाचा रिसेप्टर असतो. नलिकेच्या अस्तराला इजा किंवा सूज असली की तिथून एटीपी सुटतं, हा रिसेप्टर उघडतो, आणि मेंदूकडे खोकल्याचा निरोप जातो. काही लोकांत हे तंतू इतके हळवे होतात की बोलणं, हसणं, गार हवा एवढ्यानेही खोकला सुटतो. तुमचं वर्णन तसं आहे, पण निदान इथे बसून करता येत नाही. गेफापिक्संट हे औषध पी२एक्स३ला अडवतं. जपानने २०२२ साली आणि युरोपने २०२३ साली त्याला मान्यता दिली. अमेरिकेने दोनदा नाकारलं, कारण फायदा आहे पण तो रुग्णाला पुरेसा जाणवतो का याबद्दल त्यांचं समाधान झालं नाही. चाचण्यांत नुसत्या प्लासिबोनेही (औषध नसलेल्या गोळीनेही) खोकला बराच उतरला होता, त्यामुळे औषधाचा स्वतःचा वाटा लहान दिसला.

आणि दुसरी अडचण तुमच्या धंद्याच्या दृष्टीने मोठी आहे. जिभेवरच्या स्वादपेशी चेतातंतूंना चवीचा निरोप देतात तोही एटीपीनेच. तिथे पी२एक्स२ आणि पी२एक्स३ मिळून झालेला रिसेप्टर असतो. हे दोन्ही जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या चवीच्या नसा गोड, कडू कशालाच दाद देत नाहीत, हे २००५ साली दाखवलं गेलं. गेफापिक्संट या जोड-रिसेप्टरलाही अडवतं, म्हणून पूर्ण डोसवर निम्म्याहून जास्त लोकांची चव बिघडली. औषध थांबवलं की बहुतेकांची परत येते. पण माल चाखून भाव ठरवणाऱ्या माणसाला हे आधी सांगायला हवं. आता फक्त पी२एक्स३लाच अडवतील अशा रेणूंवर काम चालू आहे.

मिरचीबद्दल एक. तिखटाचं कॅप्सायसिन टीआरपीव्ही१ या निराळ्याच वाहिनीवर बसतं. डेव्हिड ज्यूलियस यांना २०२१ साली नोबेल मिळालं ते याच वाहिनीच्या शोधासाठी, आणि पी२एक्स२चा जनुकही १९९४ साली त्यांच्याच प्रयोगशाळेत सापडला होता. लोकांना मुद्दाम फवारा देऊन खोकला आणून पाहिला, तेव्हा गेफापिक्संटने एटीपीचा खोकला कमी झाला, कॅप्सायसिनचा फारसा नाही. म्हणजे पोतं उघडल्यावर येणारा खोकला या गोळीने थांबेल अशी आशा धरू नका. तिथे एन-९५ मास्क लावा, आणि पोती वारा पाठीमागून येईल असं उभं राहून उघडा. तुमच्याबरोबर पोती उचलणाऱ्या माथाडी मंडळींनाही मास्क द्या, त्यांच्या नाकात तुमच्याहून जास्त धूळ जाते.


तुर्भे_मसाला

धन्यवाद काका. उद्या सकाळीच थुंकी तपासायला देतो. मास्कचं मालकांशी बोलतो, हमालांसाठी पण.


वर्षा_कोपरी

सगळ्यांचे आभार. एक शेवटचं. बाबांची एक दाढ दुखते आहे, दंतवैद्य काढायची म्हणतात. क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅस्पिरिन दोन्ही चालू आहेत. शेजारच्या काकू म्हणतात की दोन दिवस गोळ्या बंद ठेवा, रक्त कमी येईल. तुमच्या उत्तरावरून मला वाटतंय की दोन दिवसांनी काहीच फरक पडणार नाही. बरोबर?


ऑर्गनबाथ

तुम्ही अगदी बरोबर लावलंत. जखडलेल्या प्लेटलेट सुटत नाहीत, त्या जुन्या होऊन जाव्या लागतात आणि अस्थिमज्जेतून नव्या याव्या लागतात. रोज साधारण दहावा हिस्सा नवा येतो. म्हणूनच मोठ्या शस्त्रक्रियेआधी क्लोपिडोग्रेल थांबवायचं ठरलं तर ५ दिवस आधी थांबवतात, त्याच गटातलं प्रासुग्रेल ७ दिवस, आणि सुटणारं टिकाग्रेलॉर ३ ते ५ दिवस. दोन दिवस बंद ठेवून रक्त तेवढंच येईल आणि स्टेंटचा धोका मात्र वाढेल.

एका दाढेसाठी, आणि तेही स्टेंट इतका नवा असताना, या गोळ्या सहसा बंद करत नाहीतच. जागेवर गॉझ दाबून धरणं, टाका घालणं, लागलंच तर ट्रॅनेक्सामिक आम्लाची गुळणी, एवढ्याने बहुतेक वेळा भागतं. तरी दंतवैद्यांनी हृदयरोगतज्ज्ञांशी बोलूनच तारीख ठरवावी.


औषधवाला_नौपाडा

ताई, जाताना स्टेंटची तारीख लिहिलेलं डिस्चार्ज कार्ड आणि चालू गोळ्यांची यादी बरोबर न्या. दाढ काढल्यावर दुखण्यासाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आपल्या मनाने घेऊ नका, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलबरोबर त्याने रक्तस्राव वाढतो. पॅरासिटामॉल चालतं का ते दंतवैद्यांनाच विचारून घ्या. आणि वेळ सकाळची मागा, तीही आठवड्याच्या मधल्या दिवसाची. संध्याकाळपर्यंत पुन्हा रक्त आलंच तर दवाखाना उघडा असतो.